ठाणातला पुठ्ठा आणि स्वयंपाकघरातला पत्रा: वायफायचा पल्ला वाढविण्याचा घरगुती उपाय

व्यापाराच्या पानावर वायरलेस इंटरनेटचा धडा कशाला, असा प्रश्न काही वाचक बंधूंना पडेल. परंतु आज लहानशा कापड दुकानाचाही निम्मा कारभार इंटरनेटवर चालतो. गिऱ्हाइकाचे पैसे मोबाईलवरून येतात, जीएसटीचे विवरण ऑनलाइन भरावे लागते, आणि माल पाठवायचा तर ई-वे बिल काढावे लागते. परराज्यात ५०,००० रुपयांवरचा आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांवरचा करपात्र माल या बिलाशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. बिलात गाडीचा नंबर भरावा लागतो, आणि तो नंबर गाडी गोदामाच्या दाराशी लागल्यावरच कळतो. म्हणजे इंटरनेटची खरी गरज गोदामाच्या दारात, आणि राउटर मात्र पुढे गल्ल्याजवळ! मग मोबाईल हातात घेऊन माणूस पावसातून दुकानाकडे धावतो आणि गाडीवाला खोळंब्याचे पैसे मागतो. सणाच्या तोंडावर असा एक तास फुकट गेला तर त्याची किंमत व्यापाऱ्यालाच ठाऊक.

आमच्या मिरजोळे भागात ही अडचण अधिक जाणवते. एकीकडे औद्योगिक वसाहतीचे पत्र्याचे गाळे, दुसरीकडे जांभ्या चिऱ्याची जुनी घरे. पुढे दुकान, मधे अंगण, मागे घर किंवा गोदाम अशी मांडणी सर्रास दिसते. राउटर एकच असतो आणि मागच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या मुलीपर्यंत त्याची लहर पोहोचता पोहोचता अर्धमेली होते. अशा वेळी बहुतेक लोक बाजारातून "बूस्टर" नावाची काहीतरी डबी घेऊन येतात. ती घेण्यापूर्वी हा धडा वाचावा, अशी आमची विनंती आहे.

लहर म्हणजे काय?

वायफाय म्हणजे रेडिओच्याच जातीची लहर. साधा राउटर २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर बोलतो. या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या मापाने पाच इंच भरते. नवे राउटर ५ गिगाहर्ट्झवरही बोलतात. त्या लहरीची लांबी पाच-सहा सेंटिमीटर असते. तिचा वेग जास्त, पण भिंतीपुढे ती लवकर हार मानते. म्हणून लांबच्या गोदामासाठी २.४ चा पट्टाच उपयोगी समजावा.

ही लहर लाकूड, कापड आणि पुठ्ठा यांतून सहज जाते. दगडी भिंतीत ती थकते आणि पाण्यात तर जिरूनच जाते. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. पावसाळ्यात तो पाणी पितो, त्यामुळे उन्हाळ्यात बरी चालणारी लहर श्रावणात मंदावल्यास नवल नाही. आंब्या-फणसाच्या ओल्या पानांचाही तोच परिणाम. धातूचा पत्रा मात्र लहरीला आत घेत नाही, आरशासारखा परतवून लावतो. गोदामाचा पत्रा आपल्याला नडतो तो याच गुणामुळे, आणि आपण जो उपाय करणार आहोत तोही याच गुणावर आधारलेला आहे.

बूस्टर या शब्दाचा घोळ

बाजारात बूस्टर या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, शक्ती वाढविणारे यंत्र. दुसरी, लहर ऐकून पुन्हा बोलणारा रिपीटर. तिसरी, लहरीला दिशा देणारा अँटेना किंवा परावर्तक. यापैकी तिसरी वस्तू घरी करता येते आणि तिला वीजही लागत नाही.

कापडाच्या भाषेत सांगायचे तर राउटरची शक्ती म्हणजे एक ठाण. राउटरचा साधा दांडा हे ठाण चारी दिशांना सारखे वाटतो. काही वार रस्त्याकडे जातात, काही शेजाऱ्याच्या अंगणात, काही आपल्या गोदामाकडे. परावर्तक नवीन कापड विणत नाही. रस्त्याकडे फुकट जाणारे कापड तो गोदामाकडे वळवतो, एवढेच. अर्थात ज्या बाजूला पत्रा लागेल त्या बाजूला लहर कमी होणार. अंगरखा लांब केला तर पायजम्याला कापड कमी पडायचेच.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंटरनेट म्हणजे दोघांचे संभाषण आहे. राउटरने मोठ्याने बोलून भागत नाही, मोबाईलचा बारीक आवाजही राउटरला ऐकू यायला हवा. शक्ती वाढविणारे साधे यंत्र बहुधा एकाच बाजूचा आवाज वाढवते. मग मोबाईलवर चार कांड्या दिसतात आणि बिल मात्र निघत नाही. परावर्तकाचे तसे नाही. कानामागे हात धरला की ऐकू चांगले येते आणि तोंडापुढे हात धरला की आवाज लांब जातो. परावर्तक ही दोन्ही कामे एकदम करतो.

ही विद्या नवी नव्हे

घरगुती वस्तूंनी लहरींना वळण लावण्याची परंपरा आपल्या देशात शंभर वर्षांहून जुनी आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात अगदी आखूड रेडिओ लहरींचे प्रयोग करून दाखवले. त्यांच्या प्रयोगांत रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांमध्ये धातूचा वर्ख घालून केलेले एक साधन होते. ताग पिळून केलेल्या जुड्यांतून लहर सोडली तर तिचा पीळ कसा फिरतो, हेही त्यांनी पाहिले. तागाचा असा उपयोग पाहून कुठल्याही कापडवाल्याला कौतुक वाटावे.

महाराष्ट्रातले उदाहरण तर जगप्रसिद्ध आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. एवढ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर खर्च आणि वाऱ्याचा दाब दोन्ही झेपले नसते. म्हणून दोरांसारख्या ताणलेल्या तारांवर बारीक स्टेनलेस तारेची जाळी बसविण्यात आली. या जाळीची भोके १० ते २० मिलिमीटरची आहेत. लहर भोकापेक्षा पुष्कळ लांब असली की तिला जाळी भरीव पत्र्यासारखीच भासते. आपल्या वायफायच्या लहरीला सुमारे १२ मिलिमीटरपर्यंतचे भोक चालते. म्हणजे धातूची चाळण किंवा लोखंडी मच्छर-जाळीही कामी येते. नायलॉनची जाळी मात्र बिनकामाची.

याच तत्त्वावर न्यूझीलंडमध्ये लोकांनी स्वयंपाकाच्या चाळणीत यूएसबीचा वायफाय तुकडा बसवून पल्ला वाढविला. व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दोन डोंगरांवर मोठ्या तबकड्या लावून, साध्या राउटरच्या साहाय्याने ३८२ किलोमीटरवर वायफाय जोडून दाखविले. आपल्याला ३८२ किलोमीटर नकोत. आपल्याला अंगण ओलांडायचे आहे.

आधी मोजावे, मग कापावे

गज हातात घेतल्याशिवाय कापडवाला कात्री उचलत नाही. इथेही तसेच करावे. मोबाईलमध्ये वायफाय मोजण्याचे फुकट अ‍ॅप मिळते. त्यात सिग्नलचा आकडा डीबीएम या मापात उणे चिन्हासह दिसतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत ठीक, आणि उणे ८० च्या आसपास म्हणजे मरणासन्न. या हिशेबात ३ चा फरक म्हणजे शक्ती दुप्पट आणि १० चा फरक म्हणजे दहापट. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ चा तोटा होतो. म्हणून परावर्तकाने ६ मिळवून दिले, तर मोकळ्यावर पल्ला दुप्पट होतो. मधे भिंती असतील तर अर्थातच कमी.

पहिल्याने राउटरच्या अगदी जवळ उभे राहून इंटरनेटचा वेग पाहावा. तिथेच वेग नसेल तर दोष बाहेरून येणाऱ्या लाईनचा आहे आणि कुठल्याही पत्र्याने तो जाणार नाही. त्यानंतर बिनखर्चाचे उपाय करावेत. राउटर कपाटात, फ्रीजमागे किंवा जमिनीवर असेल तर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवावा. दांडे उभे ठेवावेत. लोखंडी रॅक आणि पाण्याची टाकी मधे येऊ देऊ नये. बाजारपेठेत दहा राउटर एकाच चॅनेलवर ओरडत असतात, तेव्हा १, ६ आणि ११ या तिन्हींपैकी ज्यावर गर्दी कमी तो निवडावा. एवढ्यानेच काम झाले तर पुढचे वाचून कापायची गरज नाही.

करण्याची कृती

साहित्य: शर्टिंगच्या ठाणात येतो तसला पातळ, वाकणारा पुठ्ठा, स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियम फॉइल, गोंद, जाड थर्मोकोलचा किंवा पुठ्ठ्याचा एक तळ, पेन्सिल आणि मोजपट्टी.

१. तळाच्या तुकड्यावर ३६ सेंटिमीटर लांबीची सरळ रेघ मारावी. तिचा मध्य काढून तिथे शून्य लिहावे. मध्यापासून दोन्ही बाजूंना ५, १०, १५ आणि १८ सेंटिमीटरवर खुणा कराव्यात.

२. आता प्रत्येक खुणेपासून रेघेला काटकोनात पुढे मोजावे: ५ वर ७ मिलिमीटर, १० वर २.७ सेंटिमीटर, १५ वर ६.१ सेंटिमीटर, १८ वर ८.८ सेंटिमीटर. हे सर्व बिंदू आणि मधला शून्य हाताने गोलाईत जोडावेत. जी कमान तयार होते तिला गणितात परवलय म्हणतात. तिचा गुण असा, की तिच्या नाभीपासून निघालेली लहर कमानीवर आपटून समोर सरळ एका दिशेने जाते.

३. नाभीची जागा शून्यापासून सरळ पुढे ९.२ सेंटिमीटरवर येते. तिथे ठळक खूण करावी. हे अंतर मनाने ठरविलेले नाही. ते लहरीच्या लांबीच्या पाऊणपट आहे. पत्र्यावर आपटताना लहर उलटते. या अंतरावर परतलेली लहर आणि सरळ निघालेली लहर पावलाला पाऊल लावून चालतात. अंतर चुकले तर दोघी एकमेकींना मारतात आणि लाभाऐवजी तोटा होतो.

४. पुठ्ठ्याचा ४१ सेंटिमीटर लांब आणि २८ सेंटिमीटर उंच तुकडा कापावा. एका बाजूस गोंदाने फॉइल चिकटवावे. सुरकुत्या थोड्या राहिल्या तरी चालतील, फाटलेली भोके मात्र नकोत. हा तुकडा तळावरील कमानीवर उभा चिकटवावा, फॉइलची बाजू आतल्या अंगाला. वरच्या टोकाला तशाच कमानीची दुसरी पट्टी लावली तर आकार टिकतो.

५. राउटरचा उभा दांडा नाभीच्या खुणेवर येईल असा परावर्तक राउटरमागे ठेवावा आणि त्याचे तोंड गोदामाकडे करावे. दांडे दोन किंवा अधिक असतील तर सगळे शक्य तितके त्या खुणेच्या जवळ आणावेत. दांडा दिसत नसेल, म्हणजे अँटेना डबीच्या आत असेल, तर डबीचा मध्य खुणेवर ठेवावा. फॉइल विजेच्या पिनेला लागू देऊ नये आणि राउटरची हवा येण्याची भोके झाकू नयेत.

६. एकाने परावर्तक बोट-बोट सरकवावा, दुसऱ्याने गोदामाच्या दारात आकडा वाचावा. मोबाईल हातात हलला तरी आकडा दोन-चारने बदलतो. म्हणून मोबाईल एकाच जागी स्टुलावर ठेवावा आणि पाच-सहा वेळा वाचून सरासरी धरावी. परावर्तक काढून पुन्हा मोजावे, लावून पुन्हा मोजावे. दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवावेत.

घरगुती कामात ५ ते ६ डेसिबलचा फायदा झाला तर तो चांगला समजावा. उणे ७८ चे उणे ७२ झाले, तर आकडा लहान दिसतो, पण शक्ती चौपट झालेली असते. अडखळत उघडणारे ई-वे बिलाचे पान आणि निघालेले बिल यांत बहुतेक वेळा एवढेच अंतर असते.

डब्याचा अँटेना

ज्यांना झाळकामाची सवय आहे त्यांनी पत्र्याच्या गोल डब्याचा अँटेना करून पाहावा. २.४ च्या पट्ट्यासाठी डब्याचा व्यास ७.३ ते ९.२ सेंटिमीटरच्या आतच हवा. ९ सेंटिमीटरचा डबा असेल तर बुडापासून ५.१ सेंटिमीटरवर भोक पाडून आत ३.१ सेंटिमीटर उंचीची तांब्याची काडी उभी करावी. डब्याची लांबी निदान साडेपंधरा सेंटिमीटर असावी. काडी डब्याला चिकटता कामा नये आणि जोडणी ५० ओहमच्या कनेक्टरनेच करावी. टीव्हीची केबल ७५ ओहमची असते, ती वापरू नये. शिवाय पातळ केबल दर मीटरला जवळपास १ डेसिबल खाते. पाच मीटर केबल लावून डब्याने मिळविलेली कमाई वाटेतच उधळायची, हा शहाणपणा नव्हे. ज्या राउटरचे दांडे निघत नाहीत तो उघडूच नये.

कुठे थांबावे

अंथरूण पाहून पाय पसरावे. दोन जाड चिरेबंदी भिंती आणि वर पत्र्याने बंद गाळा असेल, तर फॉइलचा चमत्कार होणार नाही. तिथे सरळ लॅनची केबल टाकावी. ती १०० मीटरपर्यंत विनातक्रार चालते. तिच्या टोकाला घरात पडलेला जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावला की गोदामात स्वतंत्र वायफाय तयार होते. रिपीटर घ्यायचाच असेल तर हे समजून घ्यावे की एकाच रेडिओचा स्वस्त रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच तोंडाने, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. तो अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून चांगला आहे अशा जागी लावावा. अनेक लोक तो मेलेल्या कोपऱ्यातच लावतात आणि मग कंपनीला दोष देतात.

रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या दुकानाशी जोडायचे असेल तर नुसते समोरासमोर दिसणे पुरेसे नाही. १०० मीटरच्या अंतरात मध्यावर लहरीला चहूबाजूंनी सुमारे पावणेदोन मीटर मोकळी जागा लागते. नारळाची झावळी तिथे आली की वाऱ्याबरोबर इंटरनेटही डोलू लागते.

कायदा आणि सावधगिरी

केंद्र सरकारने २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि २०१८ साली ५ गिगाहर्ट्झमधील पट्टे ठराविक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरास मोकळे केले. २.४ च्या पट्ट्यात अँटेनाचा लाभ धरून ४ वॅटची मर्यादा आहे. घरचा राउटर साधारण एक दशांश वॅटचा असतो. परावर्तकाने आठपट केली तरी एक वॅटच्या आतच राहतो. म्हणून पुठ्ठ्याचा परावर्तक करण्यास भीती नाही.

परंतु मोबाईल फोनचा सिग्नल वाढविणारा बूस्टर ही वेगळी वस्तू आहे. तो मोबाईल कंपन्यांच्या परवान्याच्या पट्ट्यावर बोलतो आणि परवानगीशिवाय तो लावणे बेकायदा आहे. असा एक डबा आजूबाजूच्या सर्वांचे फोन बिघडवू शकतो. दूरसंचार खात्याने असे डबे जप्तही केले आहेत. दुकानदार बिनदिक्कत विकतो म्हणून वस्तू कायदेशीर होत नाही.

छपरावर उंच लोखंडी खांब उभारण्याचा मोह टाळावा. कोकणात पावसाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा पडतात. मिरजोळ्याला तर विमानतळ लागूनच आहे, तिथे उंचीचे नियम असतात. आमचा परावर्तक घराच्या आत बसतो, त्याला वीज, गंज आणि परवानगी यांपैकी कशाचीही चिंता नाही.

शेवटची गोष्ट पासवर्डची. पल्ला वाढला म्हणजे परक्याचा हातही आपल्या गल्ल्याच्या जवळ आला. बँकेचे व्यवहार ज्या वायफायवर होतात त्याचा पासवर्ड लांब ठेवावा आणि राउटरसोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. गिऱ्हाइकांसाठी वेगळे गेस्ट नाव ठेवावे. परावर्तकाचा इथेही एक लाभ आहे. त्याची पाठ रस्त्याकडे ठेवली तर रस्त्यावर जाणारी लहर कमी होते.

खर्चाचा क्रम

व्यापारी बंधूंनी हा क्रम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे: आधी मोजमाप, मग राउटरची जागा, मग चॅनेल, मग पुठ्ठा आणि फॉइल, मग केबल व जुना राउटर, आणि सर्वांत शेवटी नवीन यंत्र. पहिल्या तिन्हींना खर्च नाही. चौथ्याला एका संध्याकाळची मेहनत आणि घरात असलेलेच सामान लागते. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना सोबत घेऊन ते करावे. परवलयाचे समीकरण पुस्तकात वाचण्यापेक्षा ते पुठ्ठ्यावर कापून, आकडा बदलताना डोळ्यांनी पाहिले तर जन्मभर लक्षात राहते. आणि एवढे करूनही बूस्टर घ्यायची वेळ आलीच, तर विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत: हा कोणत्या पट्ट्यावर चालतो, दोन्ही बाजूंचा आवाज वाढवतो की एकाच, आणि आमच्या गोदामाच्या दारात आकडा किती सुधारला नाही तर परत घ्याल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जो पावतीवर लिहून देईल, त्याच्याकडूनच माल घ्यावा.